दोनशेची चाळण

शिरोलीच्या शेडात रात्री दहाला
दस्तगीर मिलचा खटका ओढतो.
दहानंतर युनिट स्वस्त पडतं.

राधानगरीकडचा तांबडा दगड आत जातो,
त्याच्याबरोबर मुठीएवढे पोलादी गोळे,
शेजारच्याच फाउंड्रीत ओतलेले,
आणि गावाला झोप लागत असताना
ड्रम फिरत राहतो.

सकाळी मी मांडते :
टनामागे युनिटं सदतीस,
टनामागे गोळा झिजला आठशे ग्रॅम.
झिजलेलं पोलाद पोत्यातच जातं
तांबड्या पिठाच्या भावानं.

मालकांचा फोन, अजून बारीक पाहिजे.
पार्टी दोनशेच्या चाळणीवर अडलीय.

"बाई," दस्तगीर म्हणतो,
"दगड फोडाय काय लागत न्हाई.
पिठाचं पीठ करताना मीटर पळतोय बघा."

शनिवारी ड्रम उघडला
तेव्हा त्यानं एक गोळा आणून दिला मला,
बोराएवढा उरलेला, आरशासारखा गुळगुळीत.
काट्यावर ठेवला : अठरा ग्रॅम.
आता वीजबिलांवर ठेवते, पंख्यानं उडू नयेत म्हणून.

"अठरा," मी म्हणाले.
"काय?"
अकरा वर्षं झाली त्याला मिलवर.
मी खुर्चीतून उठले,
त्याच्या उजव्या कानाशी गेले,
पुन्हा सांगितलं.