बसून घेतलेलं माप

"उभ्या माणसाचं माप घोड्यावर कामाचं नाही,"
दिगंबर पिसे म्हणाले,
आणि दुकानातल्या कापडाच्या गठ्ठ्यावर
मला टांग टाकून बसवलं.
दौलतगंजात, भर दुपारी,
समोर कचोरीची कढई चरचरत असताना,
मी बेचाळीस वर्षांची बाई
पॉपलीनच्या घोड्यावर, पाठ ताठ.

"लगाम धरा."
मी हवेतला लगाम धरला.
"रिकीब?"
त्यांनी माझ्या पायांखाली
दोन इस्त्र्या सरकवल्या, निवलेल्या.

आधी एक तयार विजार मागवली होती मी, खोक्यातून आलेली,
काळी, चापूनचोपून बसणारी.
आरशाला फार आवडली.
आणि वर ते चकचकीत जाकीट,
बाही हलली की चिवड्याच्या पिशवीसारखं कुरकुरायचं.
सुपारीने ते एकदाच ऐकलं,
दोन्ही कान मागे टाकले
आणि मुरारच्या पागेमागे
मला गोखरूंत नेऊन सोडलं.

पिसे हसले नाहीत.
वहीत लिहिलं:
कापड बोलणारं नको.

मग वैद्यासारखे विचारत गेले.
कुठे सोलतं?
आत, मांडीला, शिवणीपाशी.
तर शिवण बाहेरच्या अंगाला घेऊ.
गुडघ्याला आतून मऊ चामडं,
"खोगिराचं चामडं चामड्याला ओळखतं."
डावीकडे खोल खिसा, खूर साफ करायच्या आकडीसाठी,
उजवीकडे गुळाचा, त्याला मेणकापडाचं अस्तर.
"आणि बटण?"
बटण नको. एक हात नेहमी घोड्याचा असतो.
यावर त्यांची पेन्सिल जरा थांबली.

"थोडी शानही हवी ना?" मीच लाजत म्हटलं.
"शान म्हणजे काय हो,
उतरल्यावर माणसाला
स्वतःला झटकत बसावं लागू नये."
तरी बाहेरच्या शिवणीला
मोहरीच्या फुलाचा बारीक गोट लावला त्यांनी,
न विचारता.
पैसे नाही लावले त्याचे.

माघ सरत होता. सुपारीचे थंडीतले केस गळायला लागलेले.
कमोदने खरारा हातात दिला,
कुमैत अंगावरून धूर निघावा तसे केस उडाले,
माझ्यावर बसले, घसरले, खाली गेले.
मी पुढचा पाय उचलला,
खूर मांडीवर घेतला,
आकडी न बघता हाताला लागली,
कुठे काही आवळलं नाही, टोचलं नाही,
मी मनातल्या मनात पिशांना नमस्कार करतेय
तेवढ्यात कमरेमागे एक ओला श्वास.
आणि टर्र.

गुळाचा खिसा, मेणकापडासकट,
सुपारीच्या तोंडात.

कमोद खाली बसून हसला. मीही, जरा उशिरा.

दुकानात पिसे चष्मा कपाळावर चढवून
दातांच्या खुणा बघत राहिले,
बोटाने एकेक मोजत.
पन्नास वर्षं स्वारांचं शिवलं,
घोड्याचं मत आज पहिल्यांदा आलं होतं.
"तुमचंच खरं, बटण हवं होतं," मी म्हटलं.
"छे. उथळ करू.
तिला फाडायला लागू नये."
हातापाशी जे होतं त्याचंच ठिगळ लावलं,
कुणाच्या तरी शेरवानीचं, अंजिरी.
क्लबातल्या दोन मुली विचारून गेल्या,
ही फॅशन कुठली?

आता ती धुऊन गच्चीवर वाळत असते.
तारेवर बाकी सगळं सरळ लोंबतं,
साड्या, पायजमे, शाळेचे शर्ट.
हिचे गुडघे वाकलेले.
शेजारच्या तोमरबाई रोज म्हणतात,
चिमटे नीट लावा, वाकडी वाळतेय.
मी हो म्हणते आणि तशीच ठेवते.
संध्याकाळी किल्ल्याकडून वारा उतरतो,
ती आधी थोडी दचकते,
मग चालीला लागते.