मोड

दिवसभर मी लोकांना सांगते काय खावं.
हल शहरातल्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर,
माझ्या टेबलावर प्लॅस्टिकचं एक ताट आहे :
अर्धं हिरवं, पाव तपकिरी, पाव तांबडं.
अकरा वर्षांत त्यातला एक वाटाणा सुकलेला नाही.

परवा मिस्टर ग्रिमवुड आले.
वय अठ्ठ्याहत्तर, उमेदीची वर्षं ट्रॉलरवर गेलेली,
साखर इथल्या मापानं बारा.
बायको गेल्यापासून डबा उघडतात
आणि डब्यातूनच खातात, चमच्यानं, उभ्यानं.
मी म्हटलं, कडधान्यं. पालेभाजी. मीठ जरा हात राखून.
त्यांनी ऐकलं,
दुसऱ्याच समुद्राचं हवामान ऐकावं तसं.
मग विचारलं,
"आणि तू काल रात्री काय जेवलीस, पोरी?"

वरण-भात, मी म्हटलं.

खोटं.
सिरियल. सिंकपाशी, उभ्यानंच,
अंगातला कोटही न काढता.

त्या रात्री फडताळाच्या तळाशी मटकी सापडली,
स्प्रिंग बँकवरच्या दुकानातली, मागच्या दिवाळीआधीची.
निवडली. दोन खडे निघाले.
कुठल्या रानातून कुठे आले बिचारे.

बार्शीच्या उन्हाळ्यात मटकी
सकाळपर्यंत फडक्यातून डोकवायची.
इथे फेब्रुवारी. हंबरवरून येणारा वारा
खिडकीच्या फटीतून आधी भांड्यांना शिवतो, मग मला.
म्हणून भिजलेली मटकी बॉयलरच्या कपाटात ठेवली,
टॉवेलांच्या वर, हेरंबच्या रुमालात बांधून.
तो आता रीडिंगला असतो. रुमाल विसरला.

पहिल्या दिवशी काही नाही.
दुसऱ्या दिवशी किंचित आंबूस वास.
धुतली, निथळली, गाठ पुन्हा बांधली,
आणि दिवसभर लोकांचे आकडे लिहिताना
मध्येच ते कपाट आठवत राहिलं,
घरी कुणी आजारी असावं तसं.

तिसऱ्या दिवशी पहाटे गाठ सोडली
तर रुमालभर पांढऱ्या शेपट्या.

आपल्या भाषेत मोडणं आणि मोड येणं
किती जवळ राहतात.
संसार मोडतो. नोट मोडली की हातात मोड येते.
दाण्याचं काय होतं नेमकं?
मी फार विचार केला नाही. कांदा चिरला.

फोडणीला मोहरी तडतडली आणि धुराचा अलार्म बोंबलला.
खुर्चीवर चढून त्याला टॉवेलनं वारा घातला.
गोडा मसाला संपलेला. धणे, जिरं, तीळ, सुकं खोबरं
तव्यावर भाजलं, कॉफीच्या यंत्रात दळलं
(आता महिनाभर कॉफीला उसळीचा वास).
दोन आमसुलं. सुपारीएवढा गूळ,
तो मिस्टर ग्रिमवुडना सांगणार नाही.
भाकरीच्या कडा तडकल्या, आकार या देशाचा झाला,
वर निमुळता, खाली पसरट.

कोट काढला.
बसले.
पहिल्या घासाला जीभ भाजली
आणि घाई कशाची, असं मीच मला मोठ्यानं म्हटलं.

मूग आणि एक चिठ्ठी मी त्यांना पोस्टानं पाठवली :
भिजवा, बांधा, उबेत ठेवा, रोज धुवा, शिजवा.
सहा आठवड्यांनी ते आले.
साखर साडेअकरा. म्हणजे फार काही नाही.
टोपी काढून मांडीवर ठेवली,
खिशातून एक निळा लोकरी मोजा काढला
आणि माझ्या प्लॅस्टिकच्या ताटात, हिरव्या भागावर,
हलकेच उलटा केला.

"धुतलेला होता," ते म्हणाले.

टपोरे, वाकडे, बोटाच्या पेराएवढे मोड,
एक-दोघांना निळा धागा चिकटलेला.
वयस्कर माणसांनी मोड कच्चे खाऊ नयेत,
हे मीच छापून घेतलेल्या पत्रकात आहे,
त्यांच्या डोक्यामागेच लावलंय.

त्यांनी एक उचलला. मी एक.