चारांतलं एक

फोनवरची बाई विचारते, निळं आहे का?
डोळे दोन रंगांचे असले तर फारच छान.
तिच्या घरचा सोफा राखी आहे.

बघून सांगते, म्हणते मी.
बघायचंय काय? टोपलीत सात पिल्लं,
त्यांतली चार निळी-करडी,
शाई सांडून घाईघाईनं पुसल्यासारखी.

आमच्या वेल्शमध्ये निळ्याला, कोवळ्या गवताला
आणि करड्या घोड्याला
एकच शब्द पुरायचा.
आजोबा या डोंगरावर कुत्रं निवडायचे ते शिट्टी घालून.
पाव मैलावरून जे वळेल ते आपलं.
रंगाचं विचारलं तर म्हणायचे,
मेंढीला विचार, तिला काय फरक पडतो.

मग मेंढरांचा भाव बसला.
मेर्विन म्हणाला, एक निळं पिल्लू म्हणजे अकरा कोकरं.
हिशोब बरोबर होता.
नेल निळी, कॅडो निळा.
निळ्याला निळं लावलं की निळी जास्त होतात,
आणि सरासरीनं चारांत एक पांढरं.

कानाच्या आत, अगदी खोल, रंग लागतो म्हणे.
तो नसला तर आवाज दारातूनच परत जातो.
डॉक्टरीणबाईंनी हे मला सांगितलं
गाडीची काच अर्धी खाली करून.

मला ठाऊक होतं.
पहिल्या वेताला नव्हतं. दुसऱ्याला होतं.
तिसऱ्याच्या पैशांत उत्तरेकडचं छप्पर शाकारलं,
आता गळत नाही.
त्याच्याखाली झोप चांगली लागते, तेही सांगून टाकते.

पांढरी पिल्लं मेर्विन संध्याकाळी घेऊन जायचा.
परत आला की फार वेळ हात धुवायचा.
मी चहा ठेवायचे.

हे एक राहिलं.
दया वगैरे काही नाही,
त्या दिवशी नदी पुलावरून गेली
आणि मेर्विन तीन रात्री पलीकडे, बाजारात अडकला.
तोवर मी त्याला हातात घेऊन बसले होते.

चौथ्या आठवड्यात पातेल्याचं झाकण फरशीवर पडलं.
सहा जणांनी अंग चोरलं.
हे आईच्या पोटाशी तसंच, पीत.
डोळे उघडले ते बारके,
बुबुळ एका कडेला ओघळलेलं,
बलक सरकावा तसं.
उठवायचं तर नाकावर हळूच फुंकर घालायची.
आधी माझा वास पोचतो, मग मी.

बाई अजून फोनवर आहे.
एक पांढरं आहे, म्हणते मी.
पांढरं? तिचा आवाज उजळतो. दुर्मिळ असतं का हो ते?
नाही, म्हणते मी. चारांत एक.
पुढचं सांगायला तोंड उघडते

तर दारात मेर्विन, बूट चिखलानं भरलेले,
हातात कॅडोची साखळी.
धाकटी फ्लॉस माजावर आलीय, म्हणतो.
फ्लॉसही निळी.

मी टोपलीच्या कडेला पाय दोनदा आपटते.
पांढरं डोकं वर होतं
आणि भलतीकडेच, भिंतीकडे बघून
शेपूट हलवायला लागतं.