करंगळीवरचं कुरूप

कुताईसीत आमचं दुकान पुलाच्या उताराला.
वडील, बेनिको, तोंडात खिळे धरून बोलायचे,
म्हणून त्यांचं प्रत्येक वाक्य
टोकदार, आणि अर्धं.

ओनिसे आला तेव्हा शुक्रवार होता, दुपार कलत आलेली.
चर्चच्या भिंतीवर येशूचे पाय अडले होते.
"मेणाचे होतात," म्हणाला, "चाललेले वाटतच नाहीत.
तू सांग, वर्षानुवर्षं दगडधोंड्यांतून हिंडलेल्या माणसाच्या
पायाला कुठे काय होतं?"

वडिलांनी खिळे तळहातावर काढले.
"देवाला पाय नसतात, ओनिसे.
हात नाहीत, पाठ नाही, आई तर नाहीच.
तो एकटा एक. त्याच्या मापाचा
फर्मा माझ्याकडे नाही, रंग तुझ्याकडे नाही."

"आमच्याकडे तो मापात आला.
भूक लागेल एवढा झाला. पिता, पुत्र, आत्मा..."
"तीन टाके घालून एक शिवण म्हणतोस?"
"टाक्यांवाचून शिवण तू कधी घातलीस?"
वडील हसले नाहीत.
पण खिळेही परत तोंडात गेले नाहीत.

फळीवर मेरबचा डावा बूट होता, कोरा.
सुखुमीहून तो एकाच पायानिशी परतला;
जोडी घ्यायचा, डावा आमच्याकडे ठेवून जायचा.
वडिलांनी तो खाली काढला, फुंकर मारली.
"मशीहा आला असता तर हा इथे धूळ खात नसता.
तो येईल तेव्हा कुणी कुणाला पटवावं लागणार नाही.
मेरब स्वतः येईल, हा घालेल, चालत जाईल.
त्याआधी 'आला' म्हणणं म्हणजे
न शिवलेल्या बुटाचे पैसे मागणं."

ओनिसे बराच वेळ बुटाच्या आत बघत राहिला.
"तो आला, आणि मेरबसारखा झाला.
भोकं पडलेल्या पायांनीच उठला.
बाकीचं, परत येईल तेव्हा."
"मला राजा हवाय. जखमी गल्लीत पुष्कळ आहेत."
"मला जखमी राजाच कळतो."

वरून आईची हाक आली, मेणबत्त्या लावायच्या होत्या.
वडिलांनी हातोडी ठेवली, दिवसापुरती.
मग स्टुलावर बसून मोजा उतरवला.
"बघ. टाच अशी फुटते, आडवी.
आणि करंगळीवर हे कुरूप. पट्टा घासतो ना.
देवाचं नाही हं. चालणाऱ्या माणसाचं."
"तेच तर म्हणतोय मी," ओनिसेची पेन्सिल थांबली नव्हती.
"तेच तर नाही म्हणत मी," वडील म्हणाले,
आणि पाय हलू दिला नाही.

ओनिसेला पोचवायला गेलो तेव्हा
वडील फाटकाबाहेरच थांबले, टोपी डोक्यावर ठेवून.
मी आत गेले. धुपाने काळवंडत चाललेली भिंत,
आणि माझ्या डोळ्यांच्या उंचीला ते पाय.
आडवी फुटलेली टाच.
हातोडी पडून वाकडं उगवलेलं तेच नख.
जन्मभर ज्याला अरूप म्हणत आले
त्याच्या करंगळीवर वडिलांचं कुरूप.

बाहेर आले. त्यांनी नदीकडे बघत विचारलं,
"जमलेत का पाय?"
"टाच आडवी फुटलीय," एवढंच म्हटलं.
त्यांनी मान हलवली, आणि उतार उतरू लागले,
नेहमीसारखा
डावा पाय जरा जपून टाकत.