मुलतानी, इयत्ता चौथी

वडगावातल्या आमच्या शाळेला
शांतता अशी नाहीच.
भिंतीपलीकडे लोकऱ्यांचे सहा माग,
समोर बुचड्यांचे चार.
फळ्यावर मी ‘ऐका’ लिहिलं
तरी खडू त्यांच्याच ठेक्यात वाजतो.

त्या दुपारी नवऱ्याचा स्पीकर पिशवीतून आणला होता,
डब्याच्या वर, कोथिंबिरीच्या जुडीखाली.
जुन्या मतदारयादीचे पाठकोरे कागद, तेवीस.
रंगाची डबी दोघांत एक.
“आज आपण मुलतानी ऐकायचा,” मी म्हटलं.
हर्षलनं हात वर केला,
“माती का ओ बाई?
आमची ताई तोंडाला लावते ती?”
वर्ग फुटला. मीही हसले.
गाणं सुरू झालं ते त्या हसण्यातच,
कुणाला कळलंसुद्धा नाही.

मला वाटलं होतं,
खरं सांगते, टाचणही काढलं होतं तसं,
स्वर चढतील तसे हात चढतील,
रंग गडद होत जातील.
झालं एवढंच की
रेवणसिद्धनं नेहमीसारखं विमान काढलं,
दोघींनी एकमेकींचं बघून डोंगर, मधे सूर्य,
आणि मागच्या बाकावरून आवाज आला,
“ते आजोबा शब्द कवा म्हणणार?
नुसतं आ आ करूलालेत.”
खरंच होतं. विलंबित होतं ते.
चौथीतल्या जिवाला
एका समेपासून दुसऱ्या समेपर्यंतचं अंतर म्हणजे
वडगाव ते गोकाक, चालत.

पावणेतीनला वीज गेली.

आधी बुचड्यांचे माग थांबले, मग लोकऱ्यांचे.
एखादा धोटा अर्ध्या वाटेत अडकला असेल.
स्पीकर बॅटरीवर चालूच.
आणि तानपुरा,
जो तोवर कुणी ऐकलाच नव्हता, मीसुद्धा,
तो आधीपासून खोलीत बसलेला निघाला,
उशिरा आलेल्यांना जागा धरून.
तेवीस डोकी वर झाली.
कुणीतरी काही विचारणार तेवढ्यात
शिवलीलानं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

ही शिवलीला घरी मागाला मग्ग म्हणते.
दोन वर्षांत वर्गात तिची वाक्यं
मी बोटांवर मोजली आहेत.
तिच्या कागदावर सूर्य नव्हता.
नुसत्या कड्या, एकीत एक अडकवलेल्या,
एका अंगाला लाल, दुसऱ्या अंगाला निळ्या.

“हे काय गं?”
“पदर.”
मग बराच वेळ काही नाही. मग,
“पदर वेगळा असतोय बाई, अंग वेगळं.
आज्जा इलकलचा. कड्या घालून जोडतो. एकेक.
तो आत्ता तसंच केला.”
“कोण तो?”
तिनं स्पीकरकडे बोट केलं.

मी गाणं थोडं मागे नेऊन पुन्हा लावलं.
तीव्र मध्यमावरून कोमल गंधाराकडे
आवाज येत होता,
कुठं सुटला, कुठं लागला, कळू न देता.
मींडेची व्याख्या लिहून मी एकदा
पाचापैकी साडेचार गुण मिळवले होते.
त्या व्याख्येत कड्या नव्हत्या.

हर्षलनं चित्राऐवजी दोन ओळी लिहिल्या:
माग निजला.
आवाज जागा हाय.
शिवलीला वाकून बघत म्हणाली, “मग्ग निजला.”
त्यानं खोडलं नाही. शेजारीच लिहिलं
आणि मला विचारलं, “दोन ग ना?”
“हो. दोन.”

सव्वातीनला वीज आली.
पलीकडे सगळं एकदम धडधडलं,
तानपुरा पुन्हा कुठंतरी खाली गेला.
कागद गोळा करताना उजेडात धरले की
मागची नावं पुढं येत होती,
डोंगरांतून, कड्यांतून,
वडिलांचं नाव, वय, घर क्रमांक.

सगळ्यात खाली रेवणसिद्धचं विमान.
पंख खोडून खोडून कागद विरला होता,
आता चाकं बाहेर आलेली, टेकलेली.
“सांबऱ्याला उतरवलंस का रे?”
“माहीत नाही ओ बाई,” तो म्हणाला,
“खाली काळोख होता.
पण उतरलं.”