सुटे

कदंबात एकवीस वर्षं कंडक्टर होतो,
डिचोली–पणजी, पणजी–डिचोली.
सुट्यांचं गणित मला कुणी शिकवायला नको.
आता कंबर वाकत नाही,
बोटांची पेरं सकाळी गंजल्या कडीसारखी,
आणि देह रोज पहाटे हातावर मोजून ठेवतो:
एवढेच सुटे. रात्रीपर्यंत पुरव.

आंघोळीला काही जातात.
केस धुतले तर जास्त,
म्हणून बुधवारी केस धूत नाही.
बुधवारी बाजार.
उरलेल्यांत जेवण.

पोदेराचा पोंपों सहाला येतो, मी नाही उठत.
खिडकीच्या गजाला पिशवी, पिशवीत दहाची नोट,
तो दोन उंडे टाकतो आणि पुढे जातो.
काही दिवस तेवढंच. उंडो आणि कोरा चहा.
त्यालाही मी स्वयंपाक म्हणतो,
कोण विचारायला येतंय?

एरवी पेज.
पाऊण वाटी उकडे तांदूळ, रात्रीच भिजवलेले.
कुकर नको, त्याच्या झाकणाशी भांडायला
दोन मनगटं लागतात.
साधा टोप. स्टुलावर बसून एक चांगली उकळी,
दहा मिनिटं, मग गॅस बंद.
झाकण, त्यावर वर्तमानपत्र,
त्यावर माझा जुना खाकी गणवेश,
बाह्या आवळून गाठ, वरून गोधडी.
अडीच तास ती आत शिजते
आणि मी बाहेर आडवा.
सिलिंडर मला तीन महिने जातो.

सोबत कुळथाची पिठी,
नाहीतर चिमूटभर मीठ लावलेली कैरीची फोड,
नाहीतर गालमो, तव्यावर नुसता हलवलेला.
डॉक्टर म्हणाले, चौरस आहार घ्या.
म्हटलं, ताट गोल आहे, बघतो.

आदोळी माळ्यावर टाकलीय.
तिच्यावर बसायचं तिकीट मिळतं,
उठायचं मिळत नाही.
गावसांची चंद्रावती रविवारी आपला नारळ खवते
तेव्हा माझाही एक खवते,
सात डब्यांत भरून बर्फात ठेवते.
बदल्यात तिच्या प्रज्योतला मी पाढे शिकवतो.
साडेतेराचा, साडेसतराचा.
असले पाढे शाळेत नसतात.

मे महिन्यात कायतान आला, माझा ड्रायव्हर,
हातात सहा बांगडे, माडाच्या झावळीत बांधलेले.
मी बघत राहिलो. सहा बांगडे
म्हणजे माझे दोन दिवसांचे सुटे,
नुसते साफ करायलाच.
त्यानं बघितलं, मी बघतोय ते.
"तूं बस," म्हणाला. "आयज हांव चलयतां."

पायरीवर बसून त्यानं बांगडे कापले,
वाईट कापले, मांजराचा वाटा जास्त.
मी स्टुलावरून सांगत होतो:
एक डबी खोबरं, पाच मिरच्या, हळद, आमसोलं दोन.
मिक्सरचं झाकण त्यानं असं दाबून धरलं
जणू चोर्ल्याच्या घाटात गिअर बदलतोय.
तिरफळं ठेचायला मला दिली,
"तितलें तरी कर मरे."
केली. सहा दाणे.
हुमण खदखदलं तसा मी
डाव दोनदा झाकणावर मारला. टण टण.
तो गॅसपाशी उभा, पाठमोरा,
आणि न बघता त्यानं हात वर केला,
एकवीस वर्षं करायचा तसाच.

जेवलो. खूप हसलो. त्याच्या मुलीच्या लग्नाचं बोललो,
पर्वरीच्या ट्रॅफिकचं, मेलेल्या दोघांचं.

दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत उठता आलं नाही.
हसण्याचेही पैसे पडतात, कुणी सांगत नाही.
बारा वाजता भिंत धरून स्वयंपाकघरात गेलो.
ओट्यावर गोधडीचं गाठोडं. हात लावला, कोमट.
सकाळी पणजीला जाता जाता येऊन ठेवला असणार,
दार मी लावतच नाही.
पेजेत तांदूळ जरा जास्तच झाले होते,
आणि गणवेशाच्या बाह्यांची गाठ
त्यानं अशी मारली होती
की ती सोडवायला मला
चंद्रावतीला हाक मारावी लागली.