ना-परतावा

कोसमघाट नगरपंचायतीची सभा जिथे भरते
तो चार वर्षांमागे कोंडवाडा होता.
भिंतीत खुंटे अजून आहेत,
त्यांवर नगरसेवकांच्या पिशव्या टांगलेल्या.
कुलरमध्ये पाणी भरायचं कोणी विसरलं होतं,
तो नुसता मे महिना फेकत होता आमच्या तोंडावर,
आणि मी, देवतळे, लिपिक,
विषय क्रमांक अकरा वाचून दाखवला:
बांधकाम परवानगी व विकास शुल्काचे दर ठरवणे.

आधी सोपं होतं.
सचिव यायचा मंगळवारी, मोटरसायकलवर.
नकाशा म्हणजे त्यानं अंगणात
चपलेच्या टोकानं ओढलेली रेघ.
फी पन्नास रुपये,
जेवणाची वेळ असली तर कोंबडी.

इंजिनियर तुमसरे उभे राहिले.
चौरस मीटरला इतके, गावठाणाबाहेर दीडपट,
छाननी वेगळी, अनामत वेगळी, मलबा वेगळा.
"मलब्याचे कायचे पैसे जी?" बुधाजी कुमरे म्हणाले,
"मातीचं घर पडलं का मातीच होते."
सगळे हसले. तुमसरेही हसले,
आकडा तसाच ठेवून.

प्रभाग सहाच्या फुलवंताबाई आतापर्यंत बोलल्या नव्हत्या.
"नाली आधी का पैसे आधी?"
पैशांतूनच नाली, बाई.
"मंग नाली होये तवरीक अर्धेच घ्या."

पाऊण तास हेच.
बांबूच्या तट्ट्याची भिंत हे बांधकाम का?
दर दिवाळीला लिंपून ओटा बोटभर वाढतो,
त्या बोटाचं काय?
मी लिहिलं: सविस्तर चर्चा झाली.
मी नेहमी हेच लिहितो.
चहा आला, दर तीन रुपयांनी उतरला, सर्वानुमते.

एक तारखेला नवं पावतीपुस्तक फोडलं.
पहिलीच आली सगणाबाई मडावी,
हातात पावडरचा डबा, आत चिल्लर.
न्हाणी बांधायची होती तिला, चार बाय पाच.
सून बाळंत व्हायची होती पोळ्याच्या सुमाराला.
नमुना आठ?
"सासऱ्याच्या नावचा. तो गेला. आता दीर म्हंते माया."
मी म्हटलं, बाई, असा अर्ज छाननीत टिकायचा नाही.
"टिकन का नाई ते मंग पाहू."
आणि पैसे परत मिळत नाहीत.
हे मी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा हळू,
जसं आपण माणसाला वाचवायला सांगतो
आणि कार्यालयालाही.

तिनं नाणी टेबलावर दहा-दहाच्या ढिगाऱ्यांत लावली.
"मायं नाव लिहा न बाप्पू. पुरं लिहा.
घर माया हातचं हाये,
पण कोण्या कागदावर मी नाई."

मी पुरं लिहिलं.
रकाना छोटा पडला, मडावीतला वी
रेघेबाहेर गेला.
खाली बारीक छापलं होतं:
ही पावती मालकी हक्काचा पुरावा नाही.
"ते काय हाये?"
मी वाचून दाखवलं.
तिनं थोडा विचार केला.
"ते तुमच्या मशीननं लिहिलं,"
नावावर बोट ठेवून म्हणाली, "हे तुमी."

ती गेल्यावर पावतीपुस्तक मिटताना पाहिलं:
कार्बननं दुसऱ्या पानावर तिचं नाव
निळं उमटलं होतं,
जरा पुसट, वीसकट.
ती प्रत कार्यालयाची.
ती आम्ही कोणाला परत देत नाही.